बोंडा बाल्कनीत का जातो

९ जून, सोमवार

शेवटी मेल आलाच. चार ऑगस्टपासून आठवड्यातले चार दिवस ऑफिसात यायचं, सबबी चालणार नाहीत. शेवटी हसरा चेहरा टाकलाय. ज्याने टाकला त्याच्या घरी डायबेटिस असलेली अकरा वर्षांची मुलगी नसणार.

शाल्मली तीन वाजता शाळेतून येते. निहारचा कारखाना पीण्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो आठच्या आत घरी आलेला मला आठवत नाही. मी कितीही पळत आले तरी मधले तीन तास ती एकटी. तिच्या दंडावर सेन्सर आहे, तो साखरेचा आकडा माझ्या फोनवर पाठवतो, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन बोंबलतो. पण ऑफिसात बसून त्या बोंबलण्याचं मी काय करणार? साखर फार उतरली की तिला उठून ज्यूस घ्यायचंसुद्धा सुचत नाही. मार्चमध्ये एकदा तसं झालंय. तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते.

संध्याकाळी सासूबाईंचा पुण्याहून फोन. "तिला इकडे पाठव, मी बघते." निहार हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही, आणि तो गप्प बसतो तेव्हा त्याचं हो असतं. मला ती इथे हवी आहे. माझ्या डोळ्यांसमोर हवी आहे, असं लिहिणार होते. पण मी तर ऑफिसात असणार.

१४ जून, शनिवार

एक वेडेपणा करायचं ठरवलंय. परदेशात म्हणे कुत्र्यांना साखर उतरल्याचा वास ओळखायला शिकवतात. घामात काहीतरी बदलतं, आपल्याला कळत नाही, त्यांना कळतं. आणि कुत्रा तर आमच्याकडे आहेच. बोंडा. जानेवारीत शाल्मलीने त्याला गेटबाहेरच्या भज्यांच्या गाडीमागून उचलून आणला, तेव्हा तो गाडीवरच्या बोंड्याएवढाच होता. आता सोफा त्याचा आहे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कुत्रा शिकला तर चांगलंच आहे, पण सेन्सर काढू नका आणि कुत्र्यावर विसंबू नका." म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

आज शिकवणारे गृहस्थ येऊन गेले. रणजीत अण्णा, चामराजपेटचे. घरात मराठी बोलतात पण घराणं इथे शेकडो वर्षांपासून, त्यामुळे त्यांच्या कन्नड वळणाच्या मराठीला जरा कान द्यावा लागतो. सिक्युरिटी कंपन्यांसाठी कुत्री तयार करतात. साखरेचं काम कधी केलेलं नाही, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं. मला ते आवडलं.

पद्धत सोपी आहे. शाल्मलीची साखर उतरलेली असताना तिचा घाम कापसाने टिपायचा आणि छोट्या डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. चार डब्यांत एक खरी. बोंडाने ती हुंगून माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला की त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा.

"लगेच द्यायचं अक्का," अण्णा म्हणाले. "वास, पंजा, तुकडा. मधे तुम्ही श्वास पण घेऊ नका."

मी विचारलं, त्याचं बरोबर आहे की नाही हे आधी तपासायला नको का?

"डबी कोण ठेवलं? तुम्हीच की हो. त्यात काय तपासायचं?"

२२ जून, रविवार

बोंडा हुशार निघाला. आज चारातली खरी डबी त्याने पाचही वेळा ओळखली आणि दर वेळी माझ्याकडे येऊन ऐटीत पंजा ठेवला. निहारने टाळ्या वाजवल्या. शाल्मली म्हणाली, "मला शाळेत एवढ्या टाळ्या मिळत नाहीत." मी म्हटलं, तू आधी पाचपैकी पाच आण. हसली.

सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुत्रा?" आणि मग बराच वेळ भाजीच्या भावाबद्दल बोलल्या.

२६ जून, गुरुवार

आज पहिल्यांदा डबी नसताना. मी काम करत होते, शाल्मली समोर बसून गणितं सोडवत होती. बोंडा तिच्या खुर्चीखालून उठला, सरळ माझ्याकडे आला आणि गुडघ्यावर पंजा. फोन बघितला तर एकशेचार. तितक्यात शाल्मलीही म्हणाली, "आई, मलापण कसंतरी होतंय." बोंडाचं बघून. म्हटलं, एकशेचार आहे, गणितं पूर्ण कर.

आता प्रश्न असा की तुकडा द्यायचा की नाही. मी बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करतेय. पुरावा नसताना 'पास' म्हणणं माझ्या हाताला जमत नाही. फुकट तुकडा दिला तर हा उद्या चिकनसाठी दर पाच मिनिटांनी पंजा ठेवेल, आणि मग खरं कुठलं, खोटं कुठलं? "नाही बोंडा, चल, जा," म्हटलं. त्याने दोनदा पंजा ठेवला, मी दोनदा काढला. मग तो बाल्कनीतल्या चटईवर जाऊन पडला.

आणि थोड्या वेळाने फोन बोंबलला. सहासष्ट. म्हणजे त्याचं बरोबर होतं, फोनच्या आधी त्याला कळलं होतं. शाल्मलीला ज्यूस दिला आणि मग आठवणीने चिकन घेऊन बाल्कनीत गेले. तो डोळे मिटून पडला होता. त्याला उठवून दोन तुकडे दिले, पाठ थोपटली, कशाबद्दल ते समजावूनही सांगितलं. कुणाचं श्रेय बुडवायचं नाही, हा माझा ऑफिसातलाही नियम आहे.

रात्री निहारला सांगितलं तर म्हणाला, "पण तो झोपला होता ना?"

"मग काय झालं? त्याचं होतं ते."

२ जुलै, बुधवार

नियम पक्का केला आणि घरात सगळ्यांना सांगितला. बोंडाने पंजा ठेवला की आधी फोन. आकडा खरोखर उतरला तरच बक्षीस, आणि उतरला तर मात्र हमखास बक्षीस, तो जिथे असेल तिथे जाऊन. या आठवड्यात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा बिचारा वाट बघून बाल्कनीत गेला होता. तिन्ही वेळा मी तिथे जाऊन दिलं.

शाल्मलीचीही एक नवीन तऱ्हा सुरू झालीय. 'कसंतरी होतंय.' फोन म्हणतो सगळं ठीक. डॉक्टरांनी सांगितलंय की वाटणं आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचून बघा, म्हणून दोनदा टोचलं. दोन्ही वेळा साखर नव्वदच्या आसपास. दोन्ही वेळा कन्नडचा गृहपाठ बाकी होता, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. तिला तसं म्हटलंही. टोचलेलं बोट तोंडात घालून ती पुन्हा वहीकडे वळली.

९ जुलै, बुधवार

झोप नीट लागत नाही. बोंडा हल्ली पंजा ठेवायला कंटाळतो. काल आणि आज साखर उतरली तेव्हा त्याने काहीच केलं नाही. ऑगस्ट जवळ येतोय आणि हा मागे चाललाय.

१२ जुलै, शनिवार

रणजीत अण्णांना तातडीने बोलावलं. त्यांच्यासमोर डब्या मांडल्या, तर बोंडासाहेबांनी एकही चूक केली नाही. वास, पंजा, तुकडा. माझाच चेहरा पडला. परीक्षक आले की नीट वागायचं, एरवी नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. कुत्रा पहिल्यांदा पाहिला.

"घरात खरं येतं तेव्हा तुकडा लगेच देताय ना, अक्का?" अण्णांनी विचारलं.

"लगेच," मी म्हटलं. "कन्फर्म झालं की लगेच."

"सरी, ठीक." त्यांनी मान डोलावली. "मग स्वल्प धीर धरा. येईल."

१७ जुलै, गुरुवार

एक गोष्ट तरी चांगली झाली. गेल्या आठवड्यात शाल्मलीने एकदाही 'कसंतरी होतंय' म्हटलेलं नाही. मोठी होतेय. एवढं तिच्याकडून शिकायला हवं बोंडाने, असं मी तिला गमतीने म्हटलं. तिने वहीत डोकं घातलं.

बोंडाची मात्र कमाल आहे. मधेच उठतो, तरातरा बाल्कनीत जातो, चटईवर बसतो आणि आमच्याकडे तोंड करून शेपटी आपटत राहतो, जणू कुणी ताट आणून वाढणार आहे. आज अलार्म झाला तेव्हाही तिथेच. तिथून कसला वास येणार याला? तरी एक तुकडा दिला. उमेद पार खचायला नको.

२२ जुलै, मंगळवार

ठरलं. सासूबाई दोन ऑगस्टला येणार आणि शाल्मलीला घेऊन जाणार. तिथल्या शाळेत निहारने परस्पर बोलून ठेवलं होतं. मी भांडले नाही, कारण माझ्याकडे दुसरं काय आहे? बाल्कनीत बसणारा एक कुत्रा. त्याला रणजीत अण्णा ठेवून घ्यायला तयार आहेत.

जेवताना शाल्मलीने विचारलं, "बोंडा नापास झाला का?"

"पास-नापास असं काही नसतं गं."

"मग त्याला का देतोय?"

निहार म्हणाला, भात घे. तिने घेतला आणि तसाच टाकला. मग मी आकडा बघत बसले, कारण इन्शुलिन दिलं होतं आणि भात पोटात गेला नव्हता.

२५ जुलै, शुक्रवार

झालं तसं लिहून काढते.

साडेतीनला रिव्ह्यूचा कॉल होता. शाल्मली टेबलाशी विज्ञानाची आकृती काढत होती. आज शाळेत पीटीच्या तासाला त्यांना खूप पळवलं होतं, हे मला नंतर कळलं. कॉल सुरू झाला आणि बोंडा तिच्या पायाशी होता तो उठून बाल्कनीत गेला. चटईवर बसला आणि कुंईकुंई करायला लागला. मी फोन बघितला. अठ्ठ्याण्णव. आकड्याशेजारचा, साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण जरा खाली झुकलेला, पण अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलं अठ्ठ्याण्णव. बोंडा चटई खरवडायला लागला. कॉलवर कुणीतरी विचारलं, हा आवाज कसला. मी उठले आणि बाल्कनीचं सरकतं दार लावून घेतलं.

तो काचेवर पंजे मारत होता. मी पाठ करून बसले.

शाल्मलीने डोकं टेबलावर टेकवलं होतं. दमली असेल असं वाटलं, असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. मी स्क्रीनकडे बघत होते. फोन बोंबलला तेव्हा एकसष्ट होतं. ज्यूसचा डबा घेऊन हाक मारली तर तिने मान उचलली नाही. केस घामाने कपाळाला चिकटले होते. खांदे धरून बसवली, तर ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. बोट टोचलं. अडतीस.

फोनवर एकसष्ट आणि रक्तात अडतीस. तिला गिळता येत होतं, एवढंच नशीब. चमच्याने ज्यूस पाजला, गालाच्या आत ग्लुकोज चोळलं, काय काय बडबडत होते देव जाणे. कॉल चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं असणार. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, माझ्या आकृतीवर सांडलंस तू." मग मी रडले.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. साखर झपाट्याने उतरते तेव्हा सेन्सर रक्ताच्या मागे राहतो, तो कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो. "हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

पण लिहायचं आहे ते हे नाही. ती सावरल्यावर मी बाल्कनीचं दार उघडलं. मला वाटलं बोंडा माझ्या अंगावर येईल, निदान रुसेल. तो धावत आत आला, शाल्मलीचा हात हुंगला आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन चटईवर बसला. माझ्याकडे बघत शेपटी आपटायला लागला. काम झालं, आता तुकडा आण, असं. मी तिथे जाऊन इतक्या वेळा दिला होता, तिथेच बसला होता तो. हा कधीच आळशी नव्हता. महिनाभर हा मला सांगत होता आणि मी त्याला दाराबाहेर कोंडलं.

२६ जुलै, शनिवार

रणजीत अण्णा सकाळीच आले. मी सगळं सांगितलं, चटईपर्यंत. ते ऐकताना बोंडाचे कान चोळत होते.

"मागचं काय झालं, ते त्याला कुठं ठाऊक अक्का? तुकडा आला तेव्हा मी काय करत होतो, तेवढंच तो धरून ठेवतो. पंजाला काही मिळालं नाही, चटईला मिळालं. तो चटईला गेला." मग म्हणाले, "मी पण विचारायला पाहिजे होतं, कन्फर्म म्हणजे काय म्हणून. मला वाटलं, कन्फर्म म्हणजे पंजा."

मी विचारलं, आता पुन्हा शिकेल का? शिकेल, म्हणाले, पण शिकलेलं पुसून शिकायला जास्त वेळ लागतो, आणि यापुढे खरं असो खोटं असो, पंजा आला की तुकडा, फोन नंतर. "दहा खोटे गेले तर जाऊ दे की. चिकनच जाईल."

२७ जुलै, रविवार

शाल्मलीला आज विचारलं. दोन दिवस धीर होत नव्हता.

"परवा तुला कळत होतं का? साखर उतरतेय म्हणून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कॉलवर होतीस." ती बोंडाच्या पोटावर पाय ठेवून बसली होती. मग म्हणाली, "आणि तू आधी फोन बघितला असतास. मग बोट टोचलं असतंस. मग नव्वद आलं असतं तर तू तसं बघतेस."

"कसं?"

"तसं."

मी म्हटलं, मी तसं बघत नाही. ती म्हणाली, "आत्ता बघतेयस."

दोघांनी एकाच घरात एकाच महिन्यात मला सांगायचं सोडलं. एकाने चटई तरी शोधली. हिने काहीच शोधलं नाही, गप्प बसली, आणि मी इथे या वहीत लिहिलं की मोठी होतेय.

३१ जुलै, गुरुवार

निहार पहिल्यांदा त्याच्या आईशी माझ्यासमोर बोलला. सासूबाई येताहेत, पण न्यायला नाही, तीन महिने राहायला. "कुत्र्याला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही," एवढीच अट. बोंडाला अण्णांकडे द्यायचं रद्द. तीन महिन्यांनी काय, ते मला माहीत नाही. त्या सत्तरीच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, दुपारी त्यांचा डोळा लागतो.

डॉक्टरांना विचारून नवीन नियम केलाय. शाल्मली म्हणाली 'कसंतरी होतंय' की आधी ज्यूस, मग बाकीचं. उगाच प्यायली तर साखर थोडी चढेल, ते निस्तरता येतं, असं ते म्हणाले. तिला नियम सांगितला. तिने "बरं" म्हटलं, जसं आपण दुकानदाराच्या गॅरंटीला म्हणतो.

आठवडा गेला तरी ती काही बोलणार नाही, असं मला आत्ताच दिसतंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवस ऑफिस झालं. चारही दिवस मी फोन टेबलावर उलटा ठेवून पुन्हा पुन्हा सुलटा केला. बोंडा परवा सासूबाईंच्या गुडघ्यावर पंजा ठेवून आला, त्यांनी घाबरून त्याला आख्खी पोळी दिली. साखर ठणठणीत होती. अण्णा म्हणाले, चांगलं झालं.

आज घरून काम. सासूबाई आत पडल्या होत्या. शाल्मली टेबलापलीकडे बसली होती आणि बोंडा तिच्या पायाशी चारी पाय वर करून लोळत होता.

"आई," ती म्हणाली, "मला कसंतरी होतंय."

मी फोनकडे बघितलंच नाही असं लिहायला सोपं आहे. हात निघाला होता. अर्ध्या वाटेवरून मी तो ज्यूसच्या डब्याकडे नेला, स्ट्रॉ खोचली आणि डबा तिच्या हातात दिला. "बरं केलंस सांगितलंस." मी म्हटलं.

ती पीत होती आणि पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. अर्धा डबा संपल्यावर थांबली.

"मला काही होत नव्हतं," म्हणाली. "मी बघत होते."

राग आला. कानशिलं तापेपर्यंत आला. दोन आठवडे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ही बघत होती. पण राग यायच्या आधीच, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "हेपण सांगितलंस. छान केलंस."

तिने उरलेला ज्यूस संपवला, वही उचलली, आणि खुर्ची फरफटत टेबलाच्या माझ्या बाजूला आणून बसली.